चटणी चाखायची कोणी

रोहण्याच्या मीराबाईला रिकाम्या हातानं बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. टीव्हीसमोर बसली तरी मांडीवर सुपात तूर असायची, नाहीतर लसणाचा ढीग. बोलत असली की हातही चालत आणि हात थांबले की बोलणंही थांबे. "माही जीभ अन् माहे हात एकाच तारेवर जोडेल हायेत," असं ती म्हणायची. मुलगा नागसेन वायरमन, त्यामुळे घरात बोलणंही तारांचंच.

तीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला. त्या वर्षांत गाव तिला श्रावणची बायको म्हणायचं, पुढे नागसेनची माय म्हणू लागलं. मग गावात बायांचा बचत गट निघाला. कोणी पापड केले, कोणी शेवया. मीराबाईनं केली जवसाची चटणी. ती चटणी आधी पुलगावला गेली, मग आर्वीला, मग वर्ध्याच्या प्रदर्शनात. दोन वर्षांत थेट पुण्याहून फोन येऊ लागले: "रोहण्याच्या मीराबाईच ना?" फोन बंद झाल्यावरही ती थोडा वेळ तो कानाला लावून उभी राहायची. पन्नाशी ओलांडल्यावर बाईला स्वतःचं नाव मिळालं होतं आणि ते नाव एका कढईतून निघालं होतं.

त्या कढईला ती दुसऱ्याचा हात लागू देत नसे. जवस भाजायचा तिनं, कुटायचा तिनं, मिरची, लसूण, जिरं, मीठ घालायचं तिनं. शेवटी चिमूटभर चटणी जिभेवर ठेवून ती डोळे मिटायची. नाकातून एक हुंकार निघाला की चटणी झाली. नाही निघाला, तर पुन्हा मीठ, पुन्हा मिरची. सून सरिता वडनेरची, बारावी शिकलेली, चार वर्षं झाली घरात येऊन. पण तिच्या वाट्याला लसूण सोलणं आणि पाकिटं चिकटवणं, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात मीराबाईच्या अंगावर पित्त उठलं. पोटावर, पाठीवर, मांड्यांवर लाल चट्टे, आणि खाज अशी की भिंतीच्या कोपऱ्याला पाठ घासावी लागे.

"गेरू लावून घे," श्रावण म्हणाला. "माही माय लावे. एका रात्री साफ."

गेरू लावला. मीराबाई लाल झाली, चट्टे लालच राहिले.

समोरच्या किराणा दुकानातल्या मंदाबाईचं मत वेगळं होतं. मंदाबाई म्हणजे प्रभाकररावांची बायको. दुकान त्यांच्या नावाचं, गल्ल्यावर मात्र ही. "पोट साफ नसन तुहं. वांगं सोड बाई. वांगं लय गरम."

वांगं सोडलं. मग चहा सोडला. मग कोणी म्हणालं पाणी बदललं असेल, कोणी म्हणालं साबण. मीराबाईनं साबण सोडला, तेव्हा श्रावणनं हात जोडले. "आता मले सोडू नको म्हंजे झालं."

असं करता करता सगळ्यांवर संशय घेऊन झाला. चटणीवर कोणी घेतला नाही. घरातल्या माणसावर कोण संशय घेतो?

पौष संपत आला तशी एका सकाळी ती उठली तर वरचा ओठ सुजलेला. मंदाबाई दुकानातून पाहून हसली, मग हसायची थांबली. "मीराबाई, माह्या गुडघ्याची तारीख हाय बुधवारी, वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात. चाल तू बी. गाडीभाडं माह्याकडं."

"ओठासाठी वर्धा?"

"ओठ गेला तं बोलशीन कशानं?"

हे मात्र मीराबाईला पटलं.

मोठ्या दवाखान्यात मंदाबाई गुडघेवाल्यांच्या रांगेत गेली आणि मीराबाईला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिथली डॉक्टरीण वयानं सरितापेक्षाही लहान दिसत होती. बोलणं कोकणातलं, गोड आणि भरभर. तिनं विचारलं, "मावशी, काम काय करता?"

आता इथे मीराबाईनं छाती काढून सांगायला हवं होतं की मी चटणीवाली मीराबाई. पण मोठ्या दवाखान्यात, खुर्चीच्या कडेवर बसल्या बसल्या, तिच्या तोंडून तेच निघालं जे सगळ्या बायांच्या निघतं.

"काई नाई जी. घरचंच."

"जेवणात काय असतं?"

"भाजी, भाकर, चटनी. आपलं नेहमीचंच."

डॉक्टरणीनं तिच्या हातावर औषधाचे थेंब ओळीनं ठेवले, प्रत्येक थेंबावर सुईनं हलकंसं टोचलं आणि वीस मिनिटं बसवून ठेवलं. बाकी थेंबांखाली काही नाही. एकाखाली मात्र बोराएवढी गांध वर आली, लालभडक.

"सापडलं!" डॉक्टरीण खूश झाली. "मावशी, तुम्हाला अळशीची अ‍ॅलर्जी आहे."

मीराबाईनं ऐकलं ते असं: आळशी. एलर्जी.

एलर्जी हा शब्द तिच्या चांगल्या ओळखीचा. गेली दहा-बारा वर्षं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला श्रावणकडे बोट दाखवून सांगायची, "यायले कामाची एलर्जी हाय." आणि आळशी कोणाला म्हणतात हे तर लहान पोरालाही माहीत. दोन्ही शब्द एका वाक्यात, आणि बोट तिच्याकडे! ती टकमक पाहतच राहिली.

"अळशी पूर्ण बंद करायची," डॉक्टरीण कागदावर इंग्रजीत वळणं काढत म्हणाली. "थोडीशीसुद्धा चालणार नाही. घरच्यांनाही सांगून ठेवा, लक्ष ठेवायला. या गोळ्या घ्या, खाज थांबेल. महिन्यानं दाखवायला या."

मीराबाईनं कागद घेतला, चार घड्या केला, पिशवीच्या तळाशी कोंबला आणि उठली. 

खाली मंदाबाई वाट पाहत होती. "काय म्हने डॉक्टरीन?"

"गोया देल्ल्या."

"रोग कोनता?"

"रोग-बिग काई नाई."

पुलगावपर्यंतच्या गाडीत मीराबाई एक शब्द बोलली नाही. मंदाबाईनं दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

कोणाला सांगणार? सांगायचं तरी काय? पहाटे पाचला उठणारी बाई, आयुष्यात दुपारी डोळा न लावलेली, तिला एका शिकलेल्या पोरीनं हातावर सुया टोचून आळशी ठरवलं. तेही तपासून! कागदावर लिहून!

दुसऱ्या दिवसापासून मीराबाईनं कामाचा सपाटा लावला. आधी ती आठवड्याला दोन घाणे चटणी करायची, आता चार करू लागली. जवस भाजून झाला की हातासरशी कुटायचा. धुरळा उडतोय, नाकात जातोय, चालू दे. मिक्सर होता, पण मिक्सर म्हणजे आळस. ती उखळीवर बसली. वर्ध्याचं प्रदर्शन महिन्यावर आलं होतं, तेवढं निमित्त पुरेसं होतं.

"कोनती शर्यत लागली वो?" श्रावणनं विचारलं.

"मले कोनाकडून आळशी म्हनून घेनं नाई."

"कोन म्हनते तुले आळशी?"

मुसळ धप्पकन खाली आलं. श्रावण समजदार माणूस. तो चहा घेऊन ओसरीत गेला.

गोळ्या होत्या तोवर खाज दबून राहिली. गोळ्या संपल्या त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारचे तीन. चौथा घाणा कुटून झाला, मीराबाईनं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. हुंकार यायचा तिथे खोकला आला. मग आणखी एक. मग गळ्यात कोणी लसणाचा अख्खा गड्डा अडकवल्यासारखं झालं. ओठ जड. कानाच्या पाळ्या गरम.

"सरिता," तिनं हाक मारली. आवाज निघाला तो सुतासारखा.

सरिता आतून आली, सासूचा चेहरा पाहिला आणि एकही प्रश्न न विचारता रस्त्यापलीकडे धावली. दोन मिनिटांत प्रभाकररावांची मालाची छोटी गाडी दारात. साखरेच्या पोत्याला टेकवून मीराबाईला बसवलं, एकीकडून सरितानं धरलं, दुसरीकडून मंदाबाईनं. गावच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर नुकतेच जेवून आले होते. त्यांनी गळ्यात बॅटरी मारली, नर्सला खूण केली आणि मांडीत इंजेक्शन दिलं. नाकाला नळी लावली.

थोड्या वेळानं गळ्यातला गड्डा सुटत गेला. छातीची घरघर थांबली. सरिता हात धरून बसली होती, मंदाबाई पदरानं वारा घालत होती. मीराबाईनं दोघींकडे पाहिलं. पहिलं वाक्य निघालं ते असं:

"कढईखालचा गॅस बंद केला का वो?"

मंदाबाई हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "मेलीले गॅस दिसते!"

डॉक्टर म्हणाले, हे साधं पित्त नाही. उशीर झाला असता तर अवघड होतं. आज रात्र इथंच राहायचं, आणि उद्याच वर्धा गाठा, जिथं आधी दाखवलं तिथंच.

"तिथी मी जात नाई," मीराबाई म्हणाली.

"काऊन?" सरितानं विचारलं.

मीराबाईनं भिंतीकडे तोंड करून कूस बदलली.

पण सरिताही वडनेरची, हट्टाला पेटणारी. दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीच्या तळातून तो चार घड्यांचा कागद शोधून काढला (त्यावरची इंग्रजी वळणं तिलाही लागली नाहीत), नागसेनला गाडी काढायला लावली आणि सासूला मध्ये बसवून तिघं वर्ध्याला. नागसेन खाली नंबर लावत उभा राहिला, दोघी सासवा-सुना वर गेल्या.

डॉक्टरणीनं ओळखलं, गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. "या मावशी. अरे, काल इतकं झालं? मी म्हटलं होतं ना, अळशी बंद करायची. केली नाही ना?"

मीराबाई उभी राहिली. काल गळ्यात अडकलेलं सगळं आज मोकळं झालं.

"कोनाले आळशी म्हनता जी? कोनाले? तीस वरसं लोकायच्या वावरात वाकली मी. पहाटं पाचले माही चूल पेटते. तुमी म्हनलं बंद करा, मंग मी डबल काम केलं. चार-चार घाने केले! हात पाहा हे, हात! हे आळशी बाईचे हात हायेत का? विचारा हिले. सरिता, सांग वो, मी आळशी हावो का?"

बाहेरच्या बाकावरचे लोक दारातून डोकावले. डॉक्टरणीचं पेन हवेतच राहिलं. "मावशी... मी तुम्हाला आळशी कधी म्हटलं?"

"मागं म्हनलं! आता बी म्हनलं! आळशीची एलर्जी, थोडी बी चालनार नाई, घरच्यायले लक्ष ठेवाले सांगा..."

सरिता एकदा सासूकडे, एकदा डॉक्टरणीकडे पाहत होती. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "अळशी म्हंजे तुमी नेमकं काय म्हनता?"

"अळशी हो. तपकिरी, चपटं, चकचकीत बी असतं. त्याचं तेल काढतात. आमच्याकडे लाडू करतात." तिनं फोनवर फोटो काढून समोर धरला.

सरितानं पाहिलं. तोंडावर हात ठेवला. "आई, जवस! त्या जवसाले अळशी म्हनून राह्यल्या."

मीराबाईनं फोटोकडे पाहिलं. मग हळूच खाली बसली.

डॉक्टरणीला हसू आवरेना. "जवस! अहो मग मला सांगायचं ना. घरी जवस वापरता तुम्ही?"

"वापरता?" सरिता म्हणाली. "मॅडम, ह्या रोहन्याच्या चटनीवाल्या मीराबाई. आठवड्याले पोतं जाते आमच्या घरून."

डॉक्टरणीचं हसू मावळलं.  मीराबाईच्या मनात आलं, ही पोरगी मले खरोखर आळशी म्हणाली असती तर किती बरं झालं असतं.

डॉक्टरणीनं मग खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश सांगितलं, सरिताकडून एकेक शब्द वऱ्हाडीत करून घेत. जवस खायचा नाही. जवसाचं तेल भाजीवर घ्यायचं नाही. भाजताना-कुटताना त्या खोलीत थांबायचं नाही, कारण उडालेलं पीठही श्वासातून जातं. त्या कढईत, त्या चमच्यानं केलेलं काही खायचं नाही. लग्नात, पंगतीत बसायच्या आधी विचारायचं. गोळ्या जवळ ठेवायच्या. पण गळा आवळला, श्वास लागला तर गोळीवर बसून राहायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

"अन् बरी कधी होईन मी?"

"जवस टाळलात तर तुम्ही आत्ताही बऱ्याच आहात, मावशी."

"थोडंसं चाखलं तं? चिमूट?"

"काल चिमूटच होती ना?"

घरी आल्यावर घर दोन भागांत वाटलं गेलं. जवसाचं सामान, कढई, उखळ, मिक्सर मागच्या कोठीत; मीराबाईची ताटवाटी, तवा, पळी समोरच्या चुलीकडे. नागसेननं कोठीच्या खिडकीत जुना पंखा उलटा बसवला, धुरळा मागे वावराकडे जावा म्हणून. सगळं जमलं. फक्त पहिल्या आठवड्यात मीराबाईला हातांचं काय करावं हे कळेना. लसूण सोलून संपला. पाकिटं चिकटवून संपली. ती ओसरीत बसून राहायची आणि गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थबकून विचारायचा, "तब्येत बरी नाई का वो?"

सल्ल्यांना तोटा नव्हता. "थोडं थोडं खात जा, अंगले सवय लागते," असं सांगणाऱ्या तर गल्लीत चार जणी निघाल्या. मीराबाई सुरुवातीला सगळ्यांना थेंबांची, हातावर उठलेल्या गांधीची, इंजेक्शनची अख्खी कथा अभिनयासकट ऐकवायची. मग तिच्या लक्षात आलं, की लांब सांगितलं की लोक मधेच आपल्या काकूची गोष्ट सुरू करतात. तिनं कथा एका वाक्यावर आणली: "मी जवस खाल्ला का तुमाले माह्या मयतीले या लागते." त्यावर कोणाच्या काकूला काही सुचत नसे.

चटणीचं काय, हा प्रश्न मात्र तसाच होता. प्रदर्शन बारा दिवसांवर. गटाच्या बायांनी विचारलं, "टेबल आपल्या नावानं घेतला हाय. दुसरं काई ठेवू का?"

"काऊन? चटनी ठेवू," सरिता म्हणाली. "मी करतो."

मीराबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं विमान चालवतो म्हटलं होतं. "तुले भाजता येते का जवस?"

"तुमी शिकवसान तं येईन."

"मी कोठीत नाई येऊ शकत. मंग काय दारातून ओरडू?"

"दारातून कायले? फोन हाय नं."

आणि मग रोहण्यात एक नवाच खेळ सुरू झाला. मीराबाई रस्त्यापलीकडे मंदाबाईच्या दुकानात स्टुलावर बसायची, फोन कानाला. सरिता कोठीत कढईजवळ फोन ठेवायची. जवस कढईत पडायचा आणि तिकडे दुकानात मीराबाई डोळे मिटून त्याची तडतड ऐकायची.

"बोलून नाई राह्यला अजून. गॅस वाढव... हां, एखादा दाना बोलला... हालव! हातानं हालव, फोनवर कायले पाह्यते?... आता पाह्य, पाऊस लागला. कमी कर! कमी कर वो, जवस मेला!"

साखर घ्यायला आलेली गिऱ्हाइकं पैसे हातात धरून उभी राहायची. "मंदाबाई, हे काय होऊन राह्यलं?"

"जवसाची शाळा," मंदाबाई म्हणायची. "मुकाट्यानं ऐका."

पहिला घाणा करपला. दुसरा कच्चा राहिला, कुटताना चिकट झाला. तिसऱ्याला मीराबाईनं ऐन तडतडीत फोनमध्ये "उतरव!" असं ओरडून सांगितलं, तेव्हा पलीकडून सरिता शांतपणे म्हणाली, "उतरवला, आई. तुमी म्हनाच्या आधीच." मीराबाईनं कान फोनला अजून घट्ट लावला. तडतड खरंच थांबली होती. बरोबर जागी थांबली होती.

भाजणं जमलं. पण चव? चव काही फोनवरून ऐकू येत नाही.

श्रावणला चाखायला दिली. "मस्त!" श्रावणला करपलेलीही मस्तच लागली होती. मंदाबाईला दिली. तिनं बोट चाटलं, आभाळाकडे पाहिलं. "बरी हाय."

"बरी म्हंजे? मीठ?"

"मीठ हाय."

"लय हाय का कमी हाय?"

"हाय तसं हाय बाप्पा! मले काय तुह्यावानी जीभ हाय?"

नागसेनला विचारलं तर तो म्हणाला, "आई, तू करत होती तशी नाई." काय नाही, हे त्याला सांगता येईना.

संध्याकाळी सरिता आपल्या चिमुकल्या लेकीला अंघोळ घालत होती. चटणीचा वाडगा, झाकण ठेवलेला, ओसरीच्या खिडकीत मंदाबाईसाठी काढलेला होता. मीराबाई त्याच्यासमोर बसली होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिनं झाकण बाजूला केलं. लांबूनच रंग पाहिला, रंग बरोबर. हात आपोआप पुढे गेला. चाळीस वर्षांची सवय, चिमूट बोटांत आलीसुद्धा. दाण्याएवढी. जिभेच्या टोकावर फक्त, गिळायची नाही, लगेच थुंकायची...

"चाखा," दारातून आवाज आला.

सरिता ओल्या हातानं उभी होती. ओरडली नाही, धावली नाही. "चाखाच, आई. मी एकशे आठले फोन लावून ठेवतो. गाडी येईपर्यंत मीठ बरोबर हाय का तेवढं सांगजा."

मीराबाईनं चिमूट परत वाडग्यात सोडली.

"तुह्या बोलन्याले धार लय आली," ती शेवटी म्हणाली.

"कोनापाशी राह्यतो मी?"

मीराबाई उठली, नळावर गेली आणि हात साबणानं धुतले. एकदा, मग पुन्हा एकदा, नखांत बोटं घालून. पदराला पुसत तिथूनच विचारलं, "मले सांग तं मंग. काय लागते तोंडात? पह्यलं काय लागते?"

सरितानं वाडगा उचलला, लांब जाऊन उभी राहिली आणि चिमूट तोंडात टाकली. "पह्यले जवसच. खमंग. मंग मिरची येते, पन हळू. जिरं मागून."

"लसून?"

"लसून मी कमी टाकला."

"कमी? कोनाले विचारून?"

"माह्या जिभेले. तुमच्या चटनीत लसून पुढं पुढं करे. जवस मांगं राहे. चार वरसं झाले, मले वाटे सांगावं, पन तुमी कोनाले चाखूच देत नोहत्या."

चार वर्षं! मीराबाईच्या कपाळाची शीर उडाली. तिच्या चटणीतला लसूण पुढं पुढं करे! जिच्यासाठी पुण्याहून फोन येतात त्या चटणीत! तिनं उत्तर तयार केलं, चांगलं तिखट. पण ते द्यायचं तर आधी दोन्ही चटण्या जिभेवर ठेवून पाहाव्या लागल्या असत्या. ते आता या जन्मी होणार नव्हतं. खरं-खोटं ठरवायला तिच्याकडे जीभच नव्हती. होती ती समोर उभी होती, ओल्या हातांची, हट्टी, वडनेरची.

"नागसेन म्हने, तशी नाई," ती नुसतंच म्हणाली.

"नाईच हाय तशी. तशी करू का? सांगा. तुमचं नाव हाय पाकिटावर. लसून वाढवतो, अजून वेळ हाय."

नळाचं पाणी चालू राहिलं होतं. मीराबाईनं वळून नळ बंद केला. 

"नोको," ती म्हणाली. "तुले जशी लागली तशीच कर. मीठ मातर रोज एकसारखं पडलं पाह्यजे. आज असं, उद्या तसं, हे नाई चालत. वाटी ठरवून घे."

"हाव."

"अन् चाखल्यावर डोये मिट. उघड्या डोयानं चव पळते."

"हाव, आई."

वर्ध्याच्या प्रदर्शनात त्यांचं टेबल दारापासून तिसरं होतं. पाकिटं बंद, चाखायची वाटी सरितानं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःजवळ ठेवली होती आणि मीराबाई वारा येत होता त्या बाजूला, नाकाला रुमाल बांधून. गोळ्या कमरेच्या पिशवीत. सकाळपासून नेहमीचीच गर्दी, नेहमीचेच प्रश्न, आणि मीराबाईचे हात नेहमीसारखे पाकिटं मांडण्यात गुंतलेले.

दुपारी एक चष्मेवाल्या बाई थांबल्या. पाकीट उलटंसुलटं केलं. "मावशी, मीराबाई तुम्हीच का? मागच्या वर्षी नेली होती. यंदा तिखट आहे का हो?"

मीराबाईनं बोलायला तोंड उघडलं आणि तिला कळलं, की आपल्याला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला तिच्या चटणीबद्दल विचारलं होतं आणि उत्तर तिच्याकडे नव्हतं. खोटं बोलता आलं असतं. 'हाव, मस्त तिखट' म्हणायला काय लागतं?

"मले जवस चालत नाई जी," तिनं रुमालाआडून सांगितलं. "मी चाखली नाई. आता चटनी माही सून करते. सरिता, बाई विचारून राह्यल्या, तिखट हाय का?"

सरितानं मान वर केली. क्षणभर डोळे मिटले. "तिखट हाय. पन जिभेले लागून राह्यत नाई. घास गिळला का गोड होते तोंड."

चष्मेवाल्या बाईंनी दोन पाकिटं घेतली.

मीराबाई सुट्टे परत देत होती आणि ओठांतल्या ओठांत ते वाक्य घोळवत होती. मागून एक कॉलेजातली पोरगी पुढे झाली. "मावशी, ही कशी आहे?"

"तिखट हाय," मीराबाई ठसक्यात म्हणाली, "पन जिभेले लागून राह्यत नाई. घास गिळला का गोड होते तोंड."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून सरितानं तिच्याकडे पाहिलं. मीराबाईनं पाहिलं नाही. ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली होती.